बॉम्बे रक्तगट : शर्करा जोडणाऱ्या विकरांची परीक्षा

रक्तपेढीत 'ओ' म्हणून नोंदला गेलेला रुग्ण प्रत्यक्षात 'बॉम्बे' गटाचा असेल, तर 'ओ' गटाचे रक्त त्याच्या जिवावर बेतू शकते. डॉ. वाय. एम. भेंडे व सहकाऱ्यांनी १९५२ मध्ये मुंबईतून प्रथम नोंदविलेल्या या गटाचे मूळ एका विकराच्या, म्हणजेच एन्झाइमच्या, अभावात आहे. भारतात सुमारे दहा हजारांत एकाचा हा गट असतो.

तांबड्या पेशींवरील शर्करासाखळीच्या टोकाला असलेल्या गॅलॅक्टोजला एक विकर फ्युकोज ही शर्करा जोडते आणि 'एच' प्रतिजन तयार होते. त्यावर 'ए' विकर एन-अॅसिटिल गॅलॅक्टोसामिन, तर 'बी' विकर आणखी एक गॅलॅक्टोज चढविते. 'ओ' गटात 'एच' तसेच राहते. बॉम्बे गटात मात्र पायाच नसल्याने पुढचे विकर शाबूत असूनही बेकार ठरते. शिवाय अशा व्यक्तीच्या रक्तात 'एच'विरोधी प्रतिपिंडे असतात. ती 'ओ' पेशींवरही तुटून पडतात.

हा अभाव प्रयोगशाळेत थेट मोजता येतो. जीडीपी या वाहक रेणूला बांधलेली, कार्बन-१४ने चिन्हित केलेली फ्युकोज आणि ती स्वीकारणारा गॅलॅक्टोजयुक्त रेणू रक्तद्रवात मिसळून मिश्रण ३७ अंश सेल्सियसला ठेवतात. नंतर वर्णलेखनाने तयार झालेला पदार्थ वेगळा करून त्यातील किरणोत्सार मोजतात. 'ओ' गटाच्या रक्तद्रवात तो आढळतो, बॉम्बे गटात जवळजवळ नाही. स्वीकारक रेणू न घातलेली नळी सोबत ठेवावीच लागते, कारण वाहकापासून आपोआप सुटलेली शर्कराही आकडा फुगवू शकते.

खरी गंमत पुढे आहे. याच बॉम्बे रक्तद्रवाला तयार 'एच' रेणू, मँगनीज आणि योग्य शर्करा पुरविली, की दडलेले 'ए' किंवा 'बी' विकर काम करू लागते. म्हणजे पेशींवर न दिसणारा, पण अपत्यात उमटू शकणारा गट नळीत प्रकट होतो.

आता किरणोत्साराऐवजी शर्करा देऊन रिकामा झालेला वाहक रेणू प्रकाशाच्या साह्याने मोजणारे संचही मिळतात. ते सोपे व जलद आहेत. पण शर्करा जोडली गेली की नुसतीच सुटली, हे तो प्रकाश सांगत नाही.

रक्तपेढीला एवढ्या खटाटोपाची गरज नसते. रुग्णाच्या रक्तद्रवात 'ओ' पेशी मिसळल्यावर गुठळ्या झाल्या, तर संशय घ्यायचा आणि 'एच'विरोधी द्रव्याने पेशी तपासायच्या. गट बॉम्बे ठरल्यास रक्तही बॉम्बे गटाच्याच दात्याचे शोधावे लागते.