डिफरन्शिअलची वेसण

लहानपणी शेजारच्यांची जुनी जीप चिखलात रुतली की मी मागच्या चाकापासून चार हात दूर उकिडवा बसून गाडीखाली बघत राहायचो. क्लच सुटला की चाकाआधी ॲक्सलचं नाक वर उचललं जायचं, कमानपाटे मुरडायचे आणि मग कुठे चाक हलायचं. क्राऊन-पिनियन, म्हणजे डिफरन्शिअलमधली गिअरची जोडी, चाकाला जितक्या जोराने पुढे रेटते, तितक्याच जोराने स्वतःच्या घराला उलटं फिरवू बघते, हे मला पुस्तकाच्या आधी तिथे कळलं.

हा उलटा रेटा झेलायचा कुणी? १९०८ सालच्या फोर्ड मॉडेल टीमध्ये प्रॉपेलर शाफ्टभोवती एक भक्कम नळी होती. तिचं मागचं टोक ॲक्सलला घट्ट जोडलेलं, त्यामुळे नाक उचलायची सोयच नव्हती. जीपसारख्या गाड्यांनी ते काम पाट्यांवर टाकलं. पुढे मागची चाकं एकमेकांपासून स्वतंत्र झाली आणि डिफरन्शिअल ॲक्सलवरून निघून गाडीच्या सांगाड्याला टांगलं गेलं. खरी पंचाईत इथून सुरू झाली. घट्ट आवळलं तर गिअरचा आवाज सबंध गाडीत घुमतो, रबरावर टांगलं तर ते डुलतं. आणि गाडी हलकी असेल तर तिच्या पत्र्यावर असला रेटा टाकायचा तरी किती?

१९६२ची लोटस एलान ७०० किलोंच्या आतली. रॉन हिकमनच्या या गाडीला मधोमध पोलादी कणा होता. डिफरन्शिअल त्या कण्याला वरून रबरावर टांगलेलं आणि खालून दोन दांड्यांनी अडवलेलं. पण चाकांकडे जाणाऱ्या शाफ्टमध्येही रबराचे जाड जोड होते. ॲक्सिलरेटरवर पाय दिला की ते पिळले जात, पाय काढला की सुटत, आणि गाडी हिसके देई. एलानवर प्रेम करणारेही हे कबूल करतात.

त्याच एलानला समोर ठेवून जपानच्या माझदाने हलकी दोन-आसनी गाडी बनवली. प्रकल्पप्रमुख होते तोशिहिको हिराई. घोडा आणि स्वार एकजीव व्हावेत, हा त्यांचा ध्यास. १९८९च्या फेब्रुवारीत शिकागोच्या प्रदर्शनात ही गाडी, मियाटा, लोकांसमोर आली. तिच्या पोटाखाली ॲल्युमिनियमची एक लांब, भोकं पाडून हलकी केलेली तुळई आहे. एक टोक गिअरबॉक्सला, दुसरं डिफरन्शिअलला. अशी तुळई १९८४च्या कॉर्व्हेटमध्येही होती, पण मला वाटतं, ती शोभते या छोट्या गाडीलाच.

हिशेब करून बघा. १.६ लिटरच्या इंजिनाचा टॉर्क १३५ न्यूटन-मीटर. पहिल्या गिअरचं गुणोत्तर ३.१३६, डिफरन्शिअलचं ४.३. म्हणजे डिफरन्शिअलच्या घराला उलटं फिरवणारा पीळ सुमारे १८२० न्यूटन-मीटर. हात-दीड हात अंतरावरच्या दोन रबरांनी तो अडवायचा, तर प्रत्येक टोकाशी काहीशे किलोंचं ओझं. मियाटात मात्र इंजिन, गिअरबॉक्स, तुळई आणि डिफरन्शिअल मिळून एकच लांब काठी होते. तिचे आधार पुढे इंजिनाच्या आणि मागे डिफरन्शिअलच्या माउंटिंगवर. मधलं अंतर दोन मीटर धरलं तर तोच पीळ तिथे सुमारे ९० किलोंवर येतो. एवढा भार मऊ रबरही निवांत सोसतं. म्हणून आवाज आत येत नाही, डिफरन्शिअल नाक उचलत नाही आणि पायाने मागितलेली ताकद मध्ये कुठे लोंबकळत न राहता चाकापर्यंत जाते. बैलाला वेसण घालावी तसं हे काम आहे, आणि मला ते फार देखणं वाटतं.

या गाडीच्या गिअरबॉक्सला स्वतःचा वेगळा आधारच नाही. म्हणून तुळईचे बोल्ट सोडण्याआधी मेकॅनिक गिअरबॉक्सखाली जॅक लावतो. परत बसवताना तुळईची उंची मोजून बघतो, आणि त्यानंतरच बोल्ट आवळतो.