कोल्हापूर प्रकरण आणि बर्व्यांची फिर्याद

कोल्हापूरचे राजाराम महाराज 1870 मध्ये युरोपच्या प्रवासात फ्लॉरेन्स येथे वारले. त्यांच्यामागे 1871 मध्ये दत्तक आलेले चौथे शिवाजी त्या वेळी अवघे आठ वर्षांचे होते. संस्थानाचा कारभार इंग्रज पोलिटिकल एजंटाच्या देखरेखीखाली चालू लागला आणि पुढे कारभारीपदावर रावबहादूर माधवराव बर्वे आले. या चौथ्या शिवाजी महाराजांना वेड लागले आहे, असे सरकारचे म्हणणे होते. लोकांत मात्र वेगळीच बोलवा होती: महाराजांचा छळ होतो, त्यांना जाणूनबुजून वेडे ठरवले जात आहे आणि यामागे कारभाऱ्यांचा हात आहे. संस्थानिक एकदा वेडा ठरला की त्याचे म्हणणे कोणी विचारात घेत नसे. ही बोलवा पसरायला तेवढे पुरेसे होते.

जानेवारी 1881 मध्ये पुण्यात 'केसरी' आणि 'मराठा' ही वृत्तपत्रे सुरू झाली. गोपाळ गणेश आगरकर 'केसरी'चे आणि बाळ गंगाधर टिळक 'मराठा'चे काम पाहत. दोघेही पंचविशीच्या आसपासचे होते. त्या वर्षाच्या अखेरीस दोन्ही वृत्तपत्रांनी कोल्हापूरच्या कारभारावर तिखट लेख लिहिले. ज्या पत्रांच्या आधारावर ते लिहिले गेले, ती बर्व्यांनीच लिहिलेली आहेत आणि त्यांतून महाराजांविरुद्धचा कट उघड होतो, असा दावा होता. पुरावा हाती आहे अशा विश्वासाने आरोप छापले गेले.

बर्व्यांनी अब्रुनुकसानीची फौजदारी फिर्याद केली. 1878 चा देशी वृत्तपत्रांचा कायदा तेव्हा अखेरच्या घटका मोजत होता; व्हाइसरॉय रिपनच्या कारकिर्दीत 1882 मध्ये तो रद्द झाला. ही फिर्याद मात्र 1860 च्या भारतीय दंड संहितेखाली होती. कलम 499 मध्ये लोकसेवकाच्या सार्वजनिक वर्तनावर सद्भावनेने मत देण्याची मुभा होती. पण संहितेने सद्भावनेची कसोटीही घालून दिली होती: योग्य ती काळजी न घेता केलेली गोष्ट सद्भावनेने केली असे मानले जात नसे. त्यामुळे खटल्याचा सगळा भार त्या पत्रांवर येऊन पडला, आणि ती बनावट ठरली. पत्रे पुरवणाऱ्यांपैकी नाना भिडे यांनाही शिक्षा झाली.

खरी परिस्थिती कळल्यावर आरोपींनी माफी मागितली, तरी फिर्याद मागे घेतली गेली नाही. जुलै 1882 मध्ये मुंबईत टिळक आणि आगरकर यांना प्रत्येकी चार महिन्यांची साधी कैद झाली. त्यांची रवानगी डोंगरीच्या तुरुंगात झाली. तेथील दिवसांवर आगरकरांनी 'डोंगरीच्या तुरुंगातील आमचे १०१ दिवस' हे पुस्तक लिहिले. ऑक्टोबरअखेर दोघे सुटले, तेव्हा त्यांचे जंगी स्वागत झाले. खटल्याच्या खर्चासाठी वर्गणी जमली होती. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात शिकणारे गोपाळ कृष्ण गोखले निधीसाठीच्या नाटकात उभे राहिले होते. जोतीराव फुले यांच्या सांगण्यावरून रामशेठ उरवणे यांनी आरोपींना जामीन दिला. पुढे ज्यांचे मार्ग एकमेकांपासून फार दूर गेले, त्यांना या खटल्याने काही काळ एका बाजूला आणले.

बर्व्यांची बाजूही न्यायाने पाहायला हवी. खोट्या कागदांवरून स्वतःच्या धन्याविरुद्ध कट केल्याचा आळ येणे कोणाही माणसाला सोसवणारे नव्हे, आणि तो खोडून काढण्याचा त्यांचा हक्क होता. संपादकांची चूक खरी होती: पत्रे कोणाच्या हातची, कोणाकडून आली, याची खात्री करून घेण्याआधी ती त्यांनी ग्राह्य धरली. पण न्यायालयापुढे होता तो पत्रांचा प्रश्न. महाराजांना कसे वागवले जात होते, याचा निवाडा त्या निकालाने झाला नाही.

हा प्रश्न लवकरच पुन्हा वर आला. महाराजांना अहमदनगरच्या किल्ल्यात ठेवण्यात आले होते. 25 डिसेंबर 1883 रोजी ग्रीन या गोऱ्या शिपायाशी झालेल्या झटापटीनंतर विशीतच त्यांचा मृत्यू झाला. आधीच संशयाने ग्रासलेल्या लोकांना सरकारी खुलासा पटणे कठीण होते. पत्रे खोटी होती म्हणून मूळ तक्रारही खोटीच, असे मानणाऱ्यांची बाजू या मृत्यूने कमकुवत केली. मार्च 1884 मध्ये कागलच्या घाटगे घराण्यातील यशवंतराव शाहू या नावाने कोल्हापूरच्या गादीवर दत्तक आले.