पुस्तकातील कोरे पान

शाळेत एखादे नवे पुस्तक हाती आले, की पाने उलटता उलटता एखादा मुलगा हमखास विचारतो, "गुरुजी, हे पान छापायचं राहिलं का?" आपण म्हणतो, "राहिलं नाही रे, कोरंच आहे ते." पण ते कोरे का, हे मात्र आपण सांगत नाही, कारण खरे सांगायचे तर पुष्कळदा आपल्यालाही ते ठाऊक नसते. आज त्या कोऱ्या पानाचाच इतिहास आपणांस सांगावा, असे योजिले आहे.

हा विषय मला सुचला तो एका भांडणातून. मी मुलुंडला राहतो. आमच्या बाजूच्या एका जुन्या गावठाणातील वाचनालयाने गावाच्या माहितीची एक छोटी पुस्तिका काढायचे ठरविले. गावाची देवळे, विहिरी, शाळा, आणि शेवटी जुन्या घरांतील कुटुंबांची यादी. ती यादी करण्याचे काम माझ्याकडे होते. मजकूर भरला ५९ पृष्ठे. संगणकावर जुळणी होऊन पहिली मुद्रिते आली, तेव्हा आमचे खजिनदार ती चाळून म्हणाले, "हे काय? यादीच्या आधी एक पृष्ठ कोरं, आणि शेवटी चार कोरी! पाच पृष्ठांचा कागद फुकट. काढून टाका, नाही तर जाहिराती घ्या." मी म्हणालो, "थांबा, जरा हिशेब करू." तो हिशेब पुढे सांगतो. आधी जरा मागे जाऊ या. थोडेथोडके नव्हे, हजार वर्षे मागे.

मुलुंडहून मुंबईकडे निघाले, की नाहूरनंतर भांडुप लागते. १८५३ साली बोरीबंदर ते ठाणे अशी आपली पहिली आगगाडी धावली, ती याच वाटेने. या भांडुपला एक ताम्रपट सापडला आहे. उत्तर कोकणचा शिलाहार राजा छित्तराज याचा तो. शके ९४८, म्हणजे इसवी सन १०२६ चा. साष्टीतील एका शेताचे दान त्यात नोंदले आहे. आता असे ताम्रपट कसे असत? दोन, तीन किंवा अधिक पत्रे, त्यांना भोक पाडून एक कडी ओवलेली, आणि कडीवर राजाची मुद्रा. शिलाहारांच्या मुद्रेवर गरुड असे. पण लक्षात घेण्याजोगी गोष्ट निराळीच आहे. अशा संचांत पहिल्या पत्र्याची बाहेरची बाजू आणि शेवटच्या पत्र्याची बाहेरची बाजू बहुधा कोरी ठेवीत. का बरे? बाहेरची बाजू घासली जाणार, पेटीत आपटणार, मातीत पुरली तर आधी खाल्ली जाणार. झीज सोसायची ती कोऱ्या बाजूने. आतली अक्षरे शाबूत राहावीत. म्हणजे पुस्तकाचे कोरे पान आपल्याकडे कागदापेक्षाही जुने आहे. त्याचे पहिले काम राखणदाराचे.

पुढे पोथ्या आल्या. आपल्यापैकी अनेकांच्या घरी रुमालात बांधलेली एखादी पोथी असेल. ती सोडून पहा. पहिल्या पानाची वरची बाजू पुष्कळदा कोरी, किंवा फार तर ग्रंथाचे नाव लिहिलेली. मजकूर सुरू होतो तो पानाच्या पाठीवर. ताम्रपटाचीच रीत ही! आणि आणखी एक गंमत. पोथीत आकडा एका पानाला एकच असतो. पान म्हणजे पत्र, त्याच्या दोन बाजू. आपण आज 'पान' आणि 'पृष्ठ' यांची गल्लत करतो. पोथी लिहिणाऱ्याला ती परवडत नसे. शिक्षकांनी मुलांना हा फरक जरूर सांगावा. एक कोरे पान म्हणजे दोन कोरी पृष्ठे. कागदाला एकच बाजू असूच शकत नाही, ही साधी गोष्ट पुढे फार उपयोगी पडणार आहे.

पोथीत चूक झाली तर तिच्यावर पिवळा हरताळ फाशीत आणि त्यावर पुन्हा लिहीत. 'हरताळ फासणे' हा आपला वाक्प्रचार तिथलाच. कागद महाग आणि मेहनत मोठी. पान उगाच टाकून देणे कुणाला रुचत नसे. तरीही पहिली बाजू कोरी सोडीत. त्यावरून त्या कोरेपणाचे मोल कळते.

पण श्रोतेहो, कोऱ्या जागेची दुसरी बाजूही आहे. ती धोक्याची. राजपत्रात शेवटी जागा मोकळी राहिली, तर कुणी लबाड तिथे दोन ओळी घुसवील आणि एका बिघ्याचे दोन बिघे होतील! म्हणून शिवछत्रपतींच्या पत्रांत वर मुख्य मुद्रा असते, आणि मजकूर संपला तिथे 'मर्यादेयं विराजते' ही लहान मुद्रा. मर्यादा इथे झाली, यापुढे काही लिहिलेले असेल तर ते आमचे नव्हे. पेशवाईतील कागदांवरही शेवटी मोर्तब असेच. आजही हिशेबनीस वहीत उरलेल्या जागेवर तिरपी रेघ ओढतो, आणि परीक्षेच्या उत्तरपत्रिकेतील कोरी पाने आपण शिक्षक मंडळी लाल शाईने मारतो, ते याच कारणाने. सारांश, कोरी जागा राखणदारही होते आणि चोरवाटही होते. तिच्यावर नजर कुणाची, यावर सारे अवलंबून.

आता छापखान्याकडे वळू. मिरजेस १८०५ साली तांब्याच्या पत्र्यावर कोरून भगवद्गीता छापली गेली. त्याच साली बंगालात श्रीरामपूरला विल्यम कॅरीचे मराठी व्याकरण निघाले. मुंबईत अमेरिकन मिशनच्या छापखान्यातून १८१७ साली पहिली मराठी पुस्तिका बाहेर पडली, ती आठ पृष्ठांची. आठच का, हे आता उमगेल.

छापखान्यात पुस्तक एकेक पान छापीत नाहीत. एका मोठ्या तावाच्या एका बाजूला आठ पृष्ठे, दुसऱ्या बाजूला आठ, अशी सोळा पृष्ठे छापतात. मग ताव तीनदा दुमडला, की आठ पाने, सोळा पृष्ठे होतात. याला म्हणतात फर्मा. घरी करून पहा. वर्तमानपत्राचा एक मोठा ताव घ्या, तीनदा दुमडा, दुमडलेल्या कडा जरा उकलून कोपऱ्यात १ पासून १६ पर्यंत आकडे घाला आणि ताव पुन्हा उलगडा. १ च्या शेजारी १६ दिसेल, ८ च्या शेजारी ९. अर्धे आकडे उलटे दिसतील. शेजाऱ्यांची बेरीज करा. प्रत्येक वेळी १७ येईल! वर्गात हा प्रयोग केला, तर गणिताचा आणि छपाईचा तास एकदमच होऊन जातो.

यावरून कळेल, की पुस्तकाची पृष्ठे सोळाच्या, निदान आठाच्या किंवा चाराच्या पटीत यावी लागतात. मजकूर काही आपल्या सोयीने तिथे संपत नाही. मग जो उरतो तो कोरा भाग. मधल्या कोऱ्या पृष्ठाचे कारण निराळे. उजवीकडचे पृष्ठ नेहमी विषम आकड्याचे असते, आणि नवा भाग उजवीकडे सुरू करावा असा शिरस्ता आहे. आधीचा भाग उजवीकडेच संपला, तर त्याची पाठ कोरी राहते.

आता आमच्या खजिनदारांचा हिशेब पुरा करू. मजकूर ५९ पृष्ठे. मधले एक कोरे, झाली ६०. शेवटची चार कोरी, झाली ६४. म्हणजे सोळाचे चार फर्मे बरोबर. समजा, मधले कोरे पृष्ठ काढले. मग मजकूर ५९ आणि शेवटी कोरी पाच. बेरीज पुन्हा ६४! कागद एक चिटोराही वाचला नाही. फक्त यादी डावीकडे सरकली. पृष्ठे ४८ वर येतील तेव्हाच एक फर्मा वाचेल, आणि त्यासाठी मजकुराची अकरा पृष्ठे कापावी लागतील. खजिनदार बोटे मोडून हिशेब करीत बसले आणि म्हणाले, "म्हणजे कोऱ्या पानाला पैसेच पडत नाहीत!" पैसे पडत नाहीत हे खरे, पण श्रम पडतात. ते कसे, तेही ऐका.

मुंबईत गणपत कृष्णाजींनी शिळाछापावर १८३१ साली पंचांग छापले. शिळाछापात दगडावर तेलकट शाईने लिहितात, आणि उरलेला दगड ओला ठेवतात. पाणी शाईला झिडकारते, म्हणून कोरी जागा कोरी राहते. दगड वाळू दिला, की सारेच काळे! पुढे जावजी दादाजींनी १८६४ साली टाइपांचा कारखाना आणि १८६९ साली निर्णयसागर छापखाना काढला. सुबक देवनागरी खिळ्यांसाठी त्यांची देशभर ख्याती झाली. खिळ्यांच्या छपाईत दोन शब्दांमधली मोकळी जागासुद्धा शिशाची असे. अक्षरांहून बुटके तुकडे घालीत, ते स्पेस आणि क्वाड. मोठ्या मोकळ्या जागेत लाकडाचे किंवा धातूचे ठोकळे बसवीत, त्यांना फर्निचर म्हणत. कोऱ्या पृष्ठाची जागाही अशीच भरून चौकट आवळावी लागे. नाही तर शेजारची सारी अक्षरे ढिली होऊन सांडायची. म्हणजे काहीच न छापण्यासाठीही जुळाऱ्याला काहीतरी जुळवावेच लागे.

मला वाटले होते, संगणकात ही कटकट नसेल. १९७७ साली अमेरिकेतील गणिती डोनाल्ड क्नुथ यांनी आपल्याच पुस्तकाची नव्या पद्धतीने जुळविलेली मुद्रिते पाहिली. ती त्यांना इतकी वाईट वाटली, की त्यांनी स्वतःच जुळणीची एक संगणकप्रणाली रचावयास घेतली. तिचे नाव टेक. तिच्यावर उभारलेली लाटेक ही प्रणाली आज जगभर गणिताच्या आणि शास्त्राच्या पुस्तकांसाठी वापरतात. आमची पुस्तिका लाटेकवरच जुळविली होती. जुळणी करणारा तरुण मला म्हणाला, "सर, प्रकरण उजवीकडे सुरू कर असं सांगितलं, की मधलं कोरं पृष्ठ ती आपण होऊन घालते. पण शेवटची चार कोरी पृष्ठं घालताना ऐकेना. नवं पृष्ठ सुरू कर, नवं पृष्ठ सुरू कर, असं चारदा सांगितलं, तरी ढिम्म!"

"मग काय केलंस?"

"पृष्ठावर काहीच नसलं, तर तिच्या लेखी ते पृष्ठच नाही. म्हणून प्रत्येक पृष्ठावर एक रिकामी चौकट ठेवली. दिसत नाही, मोजमापही शून्य. पण ती आहे म्हटल्यावर पृष्ठ मोजलं गेलं. आणि माथ्यावरचं शीर्षक नि खालचा आकडा त्या पृष्ठांवर नको, असं वेगळं सांगितलं. नाही तर कोऱ्या पृष्ठावर तेवढंच छापून आलं असतं."

पहा! दगडाला पाणी, खिळ्यांना क्वाड, संगणकाला अदृश्य चौकट. साधन बदलले, पण कोरेपणा आपोआप मिळत नाही, ही गोष्ट तीच राहिली. ज्या देशाने शून्याला आकड्यांच्या पंक्तीत बसविले, त्या देशातील माणसाला याचे नवल वाटू नये. १०५ मधले शून्य काही नाही म्हणून पुसले, तर १५ उरतात.

राहता राहिली खजिनदारांची जाहिरात. पैशांची निकड खरी होती. परंतु मी हट्ट धरला, आणि चार पृष्ठे कोरीच राहिली. माझा हट्ट तेव्हा निव्वळ शिरस्त्यासाठी होता. त्याचे खरे कारण पुढे कळायचे होते.

पुस्तिका निघून पंधरा दिवस झाले असतील. वाचनालयात एक वृद्ध बाई आल्या. पुस्तिका घेऊन यादीवर बोट फिरवीत त्या शेवटपर्यंत गेल्या. पुन्हा पहिल्यापासून पाहिले. मग म्हणाल्या, "सर, आमचं घर नाही यात." मी चपापलो. ते कुटुंब विहिरीच्या अंगाला भाड्याच्या खोलीत राहत असे. घर त्यांच्या नावावर नव्हते, आणि मी यादी केली ती घरांच्या नोंदीवरून. बाई म्हणाल्या, "या वाचनालयाच्या पायाचे दगड माझ्या सासऱ्यांनी डोक्यावरून आणलेत. घर नव्हतं आमचं, पण गाव तर होतं ना?" मजजवळ उत्तर नव्हते. चूक सर्वस्वी माझी होती.

त्या वेळी वाचनालयाच्या प्रतीतली ती चार कोरी पृष्ठे मला आठवली. पेन बाईंच्या हाती दिले. त्यांनी सावकाश, एकेक अक्षर जुळवीत सासऱ्यांचे नाव लिहिले, खाली नवऱ्याचे. मी खाली तारीख घातली, दोघांनी सह्या केल्या, आणि एक आडवी रेघ ओढली. मर्यादा इथे झाली, अशी. ही गोष्ट गावात पसरली. आणखी माणसे आली. आज त्या प्रतीतील चारांपैकी तीन पृष्ठे भरली आहेत, निरनिराळ्या हस्ताक्षरांत. खजिनदारांनी परवा स्वतःच्या आजोळचे नाव त्यात घातले.

तेव्हा शिक्षक बंधु-भगिनींनो, आपल्या शाळेची, गावाची, घराण्याची अशी पुस्तिका काढाल, तेव्हा पृष्ठांचा हिशेब आधी करा, आणि फर्म्यात जी उरतील ती भरून टाकण्याची घाई करू नका. शाळेच्या एका प्रतीवर 'दप्तर प्रत' असे लिहून ती कपाटात जपा, आणि सुटलेले नाव घेऊन कुणी आले, तर पेन त्याच्याच हाती द्या. नोंदीखाली तारीख, सही आणि रेघ मात्र विसरू नका.

आमच्या प्रतीत अजून एक पृष्ठ कोरे आहे.