कीर्तीचा हिशेब

एखाद्या कलाकृतीची स्तुती फार दिवस होत राहिली म्हणजे तिच्याविषयी दोन पक्ष पडतात. एक पक्ष न पाहताच मान डोलावतो. दुसरा पाहून उठतो आणि विचारतो, ‘यात एवढे काय आहे?’ बोलपटांच्या बाबतीत हा तंटा विशेष जोराने होतो, आणि त्यास कारणही आहे. जुने नाटक दर पिढीस नवे नट नव्याने उभे करतात. जुने काव्य वाचणाराच्या मनात नवा स्वर घेते. बोलपट मात्र ज्या दिवशी तयार झाला त्या दिवशी होता तसाच राहतो. त्याच्या भोवतीचे जग पालटते, पाहणाराचे डोळे पालटतात, आणि त्याची कीर्ती तेवढी जुन्या व्याजासकट वाढत जाते.

इस्लामपुरासारख्या तालुक्याच्या गावी महाविद्यालयात शिकविणारास हा तंटा प्रत्यक्ष ऐकावयास मिळतो. ‘प्रभात’चा ‘संत तुकाराम’ पाहून विद्यार्थी जे आक्षेप घेतात ते एका साच्याचे असतात. गती मंद आहे; चमत्कार बाळबोध आहेत; सालोमालो हा खलपुरुष पहिल्या क्षणापासून खल आहे; आणि एवढे असून वडीलमंडळी त्यास जगातील थोर चित्रपट म्हणतात ते का, हे कोणी सांगत नाही. या मुलांस अरसिक म्हणून गप्प बसविणे सोपे आहे. परंतु ते न्यायाचे नाही. कंटाळा हीदेखील एक साक्ष आहे, आणि इतिहासाच्या अभ्यासकाने कोणतीही साक्ष न तपासता फेटाळू नये.

आमच्या मते या वादात दोन खाती एकत्र झाली आहेत: एक कृतीचे व दुसरे कीर्तीचे. चित्रपटाचा इतिहास आणि त्याच्या नावलौकिकाचा इतिहास हे दोन स्वतंत्र इतिहास होत. ते निराळे मांडले म्हणजे पुष्कळ गोष्टी उलगडतात.

प्रथम, केवळ अग्रमानाने मिळालेली कीर्ती घ्या. दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ 3 मे 1913 रोजी मुंबईच्या कॉरोनेशन चित्रगृहात लोकांसमोर आला, आणि भारतीय चित्रपटाचा जन्म आपण त्या दिवसापासून मोजतो. त्याच चित्रगृहात एक वर्ष आधी, मे 1912 मध्ये, दादासाहेब तोरणे यांचा ‘श्री पुंडलिक’ दाखविला गेला होता. तो रंगभूमीवरील नाटकाचे चित्रण होता म्हणून त्यास पहिला मान द्यावयाचा की नाही, यावर आजही मतभेद आहेत. फाळक्यांनी 1917 साली ‘हरिश्चंद्र’ पुन्हा चित्रित केला. आज जे थोडे अवशेष आपण पाहतो त्यांतील बराच भाग या दुसऱ्या चित्रणाचा असावा असे काही अभ्यासक मानतात. म्हणजे ज्या चित्राच्या नावाने आपण हात जोडतो ते चित्र पूर्णपणे आपल्या डोळ्यांपुढे नाहीच. फाळक्यांचे मोठेपण याने कमी होत नाही. परंतु ‘पहिला’ हा तारखेचा गुण आहे, कलेचा नव्हे.

दुसरे उदाहरण आमच्या शेजारचे आहे. कोल्हापुरास बाबूराव पेंटर यांनी ‘महाराष्ट्र फिल्म कंपनी’ काढली आणि 1925 साली नारायण हरी आपटे यांच्या कथेवरून ‘सावकारी पाश’ हा मूकपट केला. कर्जापायी जमीन गमावून शहराच्या गिरणीत जाणाऱ्या शेतकऱ्याची ती कथा. तरुण शेतकऱ्याची भूमिका शांताराम वणकुद्रे यांची. हा विषय या मुलखास परका नव्हता. 1875 साली पुणे व नगर जिल्ह्यांत शेतकरी सावकारांविरुद्ध उठले, आणि त्यानंतर 1879 साली शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा जो कायदा झाला तो प्रथम ज्या चार जिल्ह्यांस लागू झाला त्यांत पुणे, सोलापूर व अहमदनगर यांच्याबरोबर साताराही होता. इस्लामपूर ज्या वाळवे तालुक्यात आहे तो तालुका तेव्हा सातारा जिल्ह्यातच होता. 1949 साली दक्षिण सातारा जिल्हा निराळा झाला आणि 1960 साली त्यास सांगली हे नाव मिळाले. अशा प्रदेशात गहाणखत म्हणजे काय हे प्रेक्षकास सांगावे लागत नव्हते. तरीही पौराणिक चित्रांस जसा लोकाश्रय मिळे तसा या चित्रास मिळाला नाही. पुढे टीकाकारांनी त्यास भारतातील पहिला वास्तववादी चित्रपट म्हणून गौरविले. परंतु तोवर मूकपटाची प्रत नाहीशी झाली होती. 1936 साली पेंटरांनी त्याच कथेवर बोलपट काढला, पण मूळ चित्र गेले ते गेलेच. काळोखातील एकाकी झोपडी आणि विव्हळणारे कुत्रे, एवढे एक दृश्य जुन्या प्रेक्षकांच्या आठवणींतून आपल्यापर्यंत पोहोचले आहे. येथे कीर्ती आहे, कृती नाही. जी वस्तू पाहताच येत नाही तिला फाजील स्तुती मिळाली असे तरी कोणत्या तोंडाने म्हणावे, आणि मिळाली नाही असे तरी कसे सिद्ध करावे?

‘संत तुकारामा’ची गोष्ट याहून निराळी, कारण तेथे कृती व कीर्ती दोन्ही शाबूत आहेत. विष्णुपंत दामले व शेख फत्तेलाल यांनी दिग्दर्शिलेला हा बोलपट 1936 साली प्रकाशात आला आणि मुंबईच्या सेंट्रल चित्रगृहात वर्षाहून अधिक काळ चालला. 1937 साली तो व्हेनिसच्या प्रदर्शनास गेला. जगातील उत्तम तीन चित्रपटांत त्याची गणना झाली, असे आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. वस्तुतः त्यास मिळाले ते विशेष उल्लेखाचे मानपत्र. तोही सन्मान लहान नव्हे. परकीय चित्रांचा मुख्य चषक त्या वर्षी द्युव्हिव्हिए या फ्रेंच दिग्दर्शकाच्या ‘अं कार्ने द बाल’ला मिळाला. त्या चषकास नाव होते मुसोलिनीचे. इटालियन चित्रांत पहिला मान ‘शिपिओने लाफ्रिकानो’ या राजसत्तेच्या उत्तेजनाने निघालेल्या प्रचंड चित्रास गेला. आज तो प्रचाराचा नमुना म्हणून आठवला जातो. आणि त्याच प्रदर्शनात दुय्यम पारितोषिकावर समाधान मानणारा रन्वारचा ‘ला ग्रांद इल्यूझियाँ’ जगाच्या श्रेष्ठ चित्रांत गणला जातो. तेव्हा व्हेनिसच्या शिक्क्यावरून तुकारामाची थोरवी सांगणारे आणि त्याच शिक्क्यावर रागावून ती नाकारणारे, दोघेही चुकीचे खाते चाळीत आहेत.

मग कृतीचे खाते काय सांगते? आक्षेपांत तथ्य आहे, हे मोकळेपणाने म्हटले पाहिजे. अभंगांतील तुकोबा रोखठोक आहेत, प्रसंगी जिव्हारी लागेल असे बोलतात. विष्णुपंत पागनीस यांचा तुकाराम बहुतांशी सौम्य व आर्त आहे. सालोमालो एकरंगी आहे. या चित्राच्या लोकप्रियतेचा भर एवढा की शांताराम आठवले यांनी त्यासाठी लिहिलेले बीज-वृक्षाच्या दृष्टांताचे पद पुष्कळांस खुद्द तुकोबांचे वाटू लागले. कवीस याहून मोठी पावती नाही. परंतु कीर्तीच्या पुरात मूळ काय आणि नंतरचे काय हे कसे वाहून जाते, याचाही तो दाखला आहे.

इतके वजा करूनही जे उरते ते मोठे आहे, आणि त्याचे नाव जिजाई. गौरीबाईंनी उभी केलेली ही स्त्री घरात दाणा नसताना मुलांच्या तोंडाकडे पाहते, आणि मूल आजारी पडले तेव्हा देवळात जाऊन खुद्द विठ्ठलावर पायताण उगारते. ती नवऱ्याच्या भक्तीची हेटाळणी करीत नाही; त्या भक्तीचा खर्च कोण भरते एवढेच विचारते. अखेरीस तुकोबा वैकुंठास जातात आणि ती संसारात मागे राहते. ज्या चित्रात चमत्कार घडतात त्याच चित्राने चुलीची बाजू इतक्या निष्ठेने मांडावी, हे 1936 साली विरळा होते आणि आजही विपुल नाही. कंटाळलेल्या प्रेक्षकास व्हेनिसची गोष्ट सांगण्याऐवजी जिजाईकडे बोट दाखवावे. त्यावरही त्यास चित्र रुचले नाही, तर ते त्याचे मत. आणि ते पाहून झालेले मत असल्यामुळे न पाहता केलेल्या स्तुतीहून अधिक मोलाचे.

कारण पोकळ स्तुतीने होणारी हानी केवळ अभिरुचीची नाही. ज्या वस्तूस आपण पूज्य ठरवितो तिच्याकडे पाहावयाचे थांबतो, आणि पाहावयाचे थांबले की जपावयाचेही सुटते. राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय पुण्यास 1964 साली निघाले. तोवर मूकपटांचा बहुतेक ठेवा नष्ट झाला होता. जे वाचले त्यांतील जुन्या ज्वालाग्राही फिती पुण्यास ‘प्रभात’च्या जुन्या आवारात ठेवलेल्या असता जानेवारी 2003 मधील आगीत मोठ्या प्रमाणात जळाल्या. ‘सावकारी पाश’ गौरवग्रंथांत सुखरूप आहे; नाही तो पडद्यावर. ज्या घरी जुन्या बोलपटाविषयी अजून भांडण होते, तेथे तो बोलपट निदान पाहिला तरी जातो. आणि चित्रपटाचे आयुष्य पाहणाराच्या डोळ्यांपलीकडे नाही.