सुगीची उधारी, पगाराची उधारी

माझं माहेर निपाणीचं. तिथं वाण्याचं खातं तंबाखूवर चालायचं. पावसाळ्याच्या तोंडावर उघडलेलं खातं तंबाखू विकला गेला की मिटायचं. व्यापाऱ्यानं पैसे हप्त्यानं दिले तर तेही हप्त्याहप्त्यानंच. विड्या वळणाऱ्या बायकांची मजुरी आठवड्याची, म्हणून त्यांचा बाजारही आठवड्याचा. छटाकभर तेल, चहाची पुडी, थोडी हळद. 1981 साली शेतकरी संघटनेच्या शरद जोशींबरोबर तंबाखूवाले शेतकरी हमरस्त्यावर बसले, ते भावासाठी. पण तो वाढीव भाव आधी कुणाच्या वहीत जमा व्हायचा, हे निपाणीत कुणाला सांगावं लागत नव्हतं.

लग्न होऊन मी बेळगावात, टिळकवाडीच्या मंगळवार पेठेत आले, तेव्हा मला पहिल्यांदा नवल वाटलं ते दुकानाचं. इथं सुगी बारा महिने, दर एक तारखेला! घरोघरी मास्तर, रेल्वेतले नोकर, कचेरीतले कारकून, पोस्टातले, लष्करी कॅम्पात कामाला जाणारे. पीक बुडण्याची भीती नाही. दुकानदाराला गिऱ्हाइकाच्या शेताची चौकशी करावी लागत नसे. नोकरी कायम आहे का, एवढं कळलं की खातं उघडायचं. आमच्या सासऱ्यांची नोकरी कायम झाल्याची बातमी घरच्यांआधी दुकानात पोचली होती, असं सासूबाई सांगत. त्यात थोडा मीठमसाला असेल, पण अशक्य नाही.

डिसेंबर 1924 मध्ये गांधीजींच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचं अधिवेशन भरलं, ते इथल्याच मोकळ्या जागेवर. त्याच्या पाण्यासाठी खणलेली काँग्रेस विहीर अजून आहे, आणि तिचा खर्च सांगताना लोक आजही 4,370 रुपये 3 आणे असाच सांगतात. वरचे तीन आणे गाळत नाहीत. टिळकवाडीच्या दुकानदारांना चोख हिशेबाची ही सवय त्या विहिरीतून लागली, असं मी म्हणणार नाही. पण आमचे अण्णा त्याच जातीचे. (अण्णा म्हणजे दुकानाचे मालक. सगळी पेठ त्यांना अण्णाच म्हणे, त्यांच्याहून म्हातारी माणसंसुद्धा.)

महिन्याच्या पहिल्या आठवड्यात यादी जायची. तांदूळ, तूरडाळ, कोल्हापूरचा गूळ, बेडगी मिरची रंगाला आणि संकेश्वरी तिखटाला, शेंगदाणे, खोबरं, आमसूल. चांगला बासमती फक्त सणाला. बेळगावचा बासमती दाण्यानं लहान, पण शिजायला लागला की शेजाऱ्यांना कळायचं. भुसार माल रविवार पेठेतून पोत्यानं यायचा, आमसुलं आणि नारळ घाटाखालून. अण्णा पुडी बांधत ते बघण्यासारखं असे. 'तरुण भारत'चा चौकोनी तुकडा, त्यावर मोहरी, चारी बाजू आत. आढ्याला टांगलेल्या रिळाचा दोरा खाली ओढून दोनदा उभा, दोनदा आडवा, आणि शेवटी करंगळीला वेढा देऊन हिसका. कात्री नव्हतीच दुकानात. घरी पुड्या सोडल्या की दोरा गुंडाळून ठेवायचा आणि कागद वाचून मग चुलीत.

प्रत्येक घराची एक लहान वही असे आणि दुकानात लाल कापडी पुठ्ठ्याची खतावणी. सामान नेताना दोन्हींत मांडायचं. मुलांना पाठवलं तरी वही बरोबर. त्यामुळे कुठल्या पोरानं लिमलेटच्या गोळ्या घेतल्या ते महिनाअखेर उघडं पडायचं. अण्णांचं स्वतःचं वर्ष मात्र दिवाळीत सुरू होई. लक्ष्मीपूजनाला वह्यांची पूजा आणि पाडव्यापासून नवं पान. त्याआधी आठ दिवस ते कुणाकडे काही मागत नसत, फक्त "वहिनी, यंदा पूजेला येणार न्हवं?" असं विचारत. सासूबाईंना त्याचा अर्थ बरोबर कळे. राहिलेली बाकी त्याच संध्याकाळी चुकती व्हायची.

मापं बदलली ती मी निपाणीत असताना. 1 एप्रिल 1957 ला नवे पैसे आले, आणि 1962 पर्यंत शेराची वजनं दुकानांतून गेली. तरी मी सासरी आले तेव्हा सासूबाई शेरच मागत आणि अण्णा मुकाट्यानं किलो देत. ऐंशी तोळ्यांचा शेर म्हणजे 933 ग्रॅम. वरचे 67 ग्रॅम आपल्याला फुकट मिळतात अशी सासूबाईंची पक्की समजूत. दरही किलोचाच लागतो, हे त्यांना कुणी सांगितलं नाही. मीसुद्धा नाही.

1 नोव्हेंबर 1956 ला बेळगाव मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेलं. त्यावर इतकं लिहिलं गेलंय की दुकानापुरतंच सांगते. रेशनकार्ड कानडीत आलं, पाटी कानडीत आली, दर 1 नोव्हेंबरला काळ्या दिवसाचा हरताळ. आमची खतावणी मराठीतच राहिली. पण अण्णा समोरचा माणूस पायरी चढतानाच भाषा ठरवत. धारवाडकडच्या बाईंशी कानडी, कॅम्पातल्या बावर्चीशी हिंदी, गोव्याच्या विद्यार्थ्यांशी कोंकणी. उधारी मागायची वेळ आली की ते ज्याच्या त्याच्या घरच्या भाषेत मागत, कारण परक्या भाषेत मागितलेले पैसे तगाद्यासारखे वाटतात, असं त्यांचं म्हणणं. मला हे धोरण दोन्हीकडच्या पुढाऱ्यांच्या भाषणांपेक्षा शहाणपणाचं वाटत आलं आहे.

आता गल्ल्यावर त्यांचा नातू बसतो. मी वहिनीची काकू आणि काकूची आजी झाले. यादी मोबाईलवर जाते, सामान पोरगा स्कूटरवरून आणून टाकतो, कॉलेजची मुलं दहा रुपयांचं बिस्कीटसुद्धा स्कॅन करून नेतात. खाती उरली आहेत ती आम्हा पेन्शनवाल्यांची. मुलांना वाईट सवय लागली किंवा माणुसकी गेली, असं समवयस्क म्हणतात. मला ते पटत नाही. टिळकवाडीतल्या तरुणांच्या नोकऱ्या आता अकरा महिन्यांच्या करारावर असतात, निम्मी मुलं पुण्याला नाहीतर बंगळूरला. पगाराची खात्री नाही तिथं महिन्याचं खातं कुणाच्या भरवशावर उघडायचं?

दुसरं कारण नातवानंच सांगितलं. मी साबणाची वडी खात्यावर मांडायला सांगितली, तर म्हणाला, "आजी, तांदूळ-डाळ मांडतो, साबण रोख द्या. रविवार पेठेतले शेठ पंधरा दिवस थांबतात. कंपनीचा माणूस गाडी उभी करून पैसे घेतो बघा." मी साबणाचे पैसे दिले. तांदूळ मांडला.