गोल्ट्झ पाशा आणि कूतच्या वेढ्यातले मराठे



मालव्यातल्या मराठी घरांत जर्मन लष्करी माणसाचा विषय निघाला, की जाणकारांना शिंद्यांच्या पलटणींचा पोलमन आठवतो. २३ सप्टेंबर १८०३ रोजी असईच्या मैदानावर वेलस्लीसमोर शिंद्यांचे कवायती पायदळ घेऊन तो उभा होता. पण पोलमन उमराव नव्हता, नशीब काढायला निघालेला गडी होता. आज ज्याच्याविषयी बोलायचे आहे तो खानदानी सरदार, प्रशियाचा फील्ड मार्शल. हिंदुस्थानच्या भूमीवर त्याने कधी पाऊल ठेवले नाही. तरीही सातारा, कोल्हापूर, रत्नागिरीकडच्या कित्येक घरांतला तरणा मुलगा त्याच्या वेढ्यात सापडला आणि परत आला नाही.

कोलमार फ्रायहेर फॉन डेर गोल्ट्झ याचा जन्म १२ ऑगस्ट १८४३ चा, पूर्व प्रशियातल्या एका लहानशा जहागिरीवरचा. 'फ्रायहेर' म्हणजे आपल्याकडचा जहागीरदार समजा. किताब मोठा, पण घरात पैसा नव्हता. तो लहान असतानाच बाप कॉलऱ्याने गेला. अशा घरातल्या मुलाला फौजेची वाट ठरलेलीच असे. १८६६ च्या ऑस्ट्रियाशी झालेल्या युद्धात तो जखमी झाला आणि १८७०च्या फ्रान्सच्या मोहिमेत राजपुत्र फ्रेडरिक कार्लच्या कचेरीत होता. पगार पुरत नाही म्हणून त्याने कथा-कादंबऱ्याही लिहिल्या. सरदाराच्या मुलाने पोटासाठी लेखणी चालवावी, हे मला त्याच्या चरित्रातले सर्वांत जवळचे वाटते.

लेखणीनेच त्याला अडचणीतही आणले. फ्रान्सच्या गाम्बेत्ताने हरलेल्या देशातून नव्या फौजा कशा उभ्या केल्या, यावर त्याने १८७७ साली पुस्तक काढले आणि शत्रूची तारीफ केली. वरिष्ठ नाराज झाले आणि त्याची बदली आडगावच्या पलटणीत झाली. १८८३ साली आलेल्या 'सशस्त्र राष्ट्र' या अर्थाच्या नावाच्या ग्रंथाने मात्र तो युरोपभर गाजला. यापुढची युद्धे राजांच्या फौजांत होणार नाहीत, सबंध राष्ट्राराष्ट्रांत होतील, असे त्याचे प्रतिपादन. त्याच वर्षी सुलतानाच्या बोलावण्यावरून तो तुर्कस्तानात गेला आणि बारा वर्षे राहून त्याने तुर्की अधिकाऱ्यांची एक पिढी घडवली. तिथे लोक त्याला गोल्ट्झ पाशा म्हणू लागले. १९११ साली जर्मनीत तो फील्ड मार्शल झाला.

त्याच्याविषयी आदराने बोलताना एक गोष्ट लपवू नये. १९१४ मध्ये तो जिंकलेल्या बेल्जियमचा गव्हर्नर होता. रेल्वे किंवा तारायंत्र कुणी तोडले तर आसपासच्या गावांना शिक्षा, मग गाववाले दोषी असोत की नसोत, असे हुकूम त्याच्या सहीने निघाले. सबंध राष्ट्र लढते असे एकदा मानले, की सबंध गाव शिक्षेला पात्र ठरते. ग्रंथातला विचार जमिनीवर उतरला तो असा.

डिसेंबर १९१५ मध्ये तुर्कांच्या सहाव्या सैन्याचा सरदार म्हणून तो बगदादला पोहोचला. वय ७२. इराणमार्गे हिंदुस्थानच्या सरहद्दीपर्यंत धक्का द्यायचे स्वप्न त्याच्या मनात होते. वाटेत टायग्रिस नदीच्या वळणावर कूत नावाचे गाव होते आणि त्यात जनरल टाउनशेंडची सहावी पुणे डिव्हिजन कोंडली गेली होती. तिच्यात १०३वी, ११०वी आणि ११७वी अशा तीन मराठा पलटणी होत्या. टेसिफोनची लढाई लढून, मार खाऊन, शेकडो जखमी घेऊन त्या माघारी आल्या होत्या.

७ डिसेंबरला वेढा पडला. २४ डिसेंबरला गावाच्या ईशान्य टोकाच्या गढीवर तुर्कांनी जोराचा हल्ला केला, तो परतवला गेला. त्यानंतर जीव खर्च करण्यापेक्षा उपाशी ठेवून शरण आणणे, हाच मार्ग राहिला. बाहेरून सोडवायला आलेल्या इंग्रजी सैन्याची सुमारे २३,००० माणसे पडली वा जखमी झाली. आत कोंडलेल्यांपेक्षा हा आकडा मोठा आहे. शेवटी विमानांतून पिठाची पोती टाकली, पण ती पुरेनात.

इथे वैद्यकातल्या माणसाला थांबावेच लागते. एकाच गावात, एकाच वेढ्यात दोन वेगळे आजार पसरले. गोऱ्या शिपायांना बेरीबेरी झाली, कारण ते मैद्याचा पाव खात होते. हिंदी शिपायांना ती झाली नाही, कारण त्यांच्या वाट्याला कोंड्यासकट आटा येत होता. पण त्यांच्या हिरड्या सुजल्या, जुन्या जखमा उकलल्या, म्हणजे स्कर्व्ही झाली. गोरे घोड्याचे ताजे मांस खात होते आणि हे खात नव्हते. भाजीपाला कुणालाच नव्हता. जीवनसत्त्वांचे शास्त्र तेव्हा बाळसे धरत होते. कूतने त्याला क्रूर पुरावा दिला.

घोडा का खाल्ला नाही? याला नुसता हट्ट म्हणणारे इंग्रज लेखक पुष्कळ आहेत. मी जन्माने जैन, मला तो हट्ट वाटत नाही. ज्या समाजात दसऱ्याला घोड्याची पूजा होते, ज्याच्या पाठीवर बसून पवार धार-देवासला आले, त्या समाजाच्या मुलाला घोडा ताटात कसा दिसेल? शिवाय भीती गावाची होती. उद्या घरी गेल्यावर भावकी काय म्हणेल, आपल्या मुलींना स्थळे कोण देईल, असे शिपाई बोलून दाखवत. टाउनशेंडने हिंदुस्थानातून धर्मगुरूंची परवानगी मागवली, ती आली. तरी बहुतेकांनी एप्रिलपर्यंत तोंड लावले नाही. तोवर माणशी पीठ पावशेराच्याही आत आले होते आणि अंगात पहारा देण्याचे त्राण नव्हते.

कूत पडलेले पाहणे गोल्ट्झच्या नशिबी नव्हते. बगदादमध्ये टायफसची साथ होती. हा ताप उवांतून पसरतो, हे निकोलने १९०९ मध्येच दाखवले होते, पण फौजेच्या गर्दीत उवा आवरणार कोण? आमच्या होमिओपॅथीचा मूळपुरुष हानेमान हाही जर्मन, आणि १८१३ च्या लाइपझिगच्या लढाईनंतर त्यानेही याच तापाचे रोगी पाहिले होते. शंभर वर्षांत बंदुका बदलल्या, फौजेमागून येणारा ताप तोच राहिला. १९ एप्रिल १९१६ रोजी गोल्ट्झ गेला. विषप्रयोगाच्या वावड्या उठल्या, पण टायफसची लक्षणे पुरेशी बोलकी होती. दहा दिवसांनी, २९ एप्रिलला, जवळजवळ पाच महिन्यांच्या वेढ्यानंतर कूत शरण आले. सुमारे १३,००० माणसे कैद झाली.

टाउनशेंडला इस्तंबूलजवळच्या बेटावर बंगला मिळाला. शिपाई वाळवंटातून पायी निघाले; बगदाद, मोसूल, मग रास-अल-ऐन. तिथे हिंदी कैद्यांना जर्मन कंपनीच्या बगदाद रेल्वेवर रूळ टाकायला जुंपले. कैदेतल्या गोऱ्या शिपायांपैकी निम्म्याहून अधिक मेले. हिंदी शिपाई किती मेले, याची गणती अंदाजाने होते. त्या कैदेत बंगालचे डॉक्टर कल्याणकुमार मुखर्जी वारले. त्यांची पत्रे त्यांच्या आजीने पुस्तकात छापली, म्हणून एका घराचे दुःख तरी आपल्यापर्यंत पोहोचते.

गोल्ट्झला इस्तंबूलमध्ये, बॉस्फोरसकाठच्या तराब्या इथल्या जर्मन वकिलातीच्या बागेत पुरले आहे. झाडांच्या सावलीत नावासह कबर आहे. मेसोपोटेमियात ज्यांना कबर मिळाली नाही अशा ४०,००० हून अधिक सैनिकांचे स्मारक १९२९ मध्ये बसऱ्याला उभे राहिले. त्यावर गोऱ्या शिपायांची नावे कोरली आहेत. हिंदी अंमलदारांचीही आहेत. साध्या हिंदी शिपायाच्या वाट्याला मात्र पलटणीचे नाव आणि एक संख्या आली. १९९७ मध्ये ते स्मारक तिथून उचलून शहराबाहेर वाळवंटात नेऊन ठेवले.

११७व्या पलटणीला १९२१ साली 'रॉयल' हा किताब मिळाला. सातारा जिल्ह्यातल्या अपशिंगे गावाने पहिल्या महायुद्धात ४६ माणसे गमावली, म्हणून इंग्रज सरकारने तिथे स्मारक उभारले. गावाचे नाव लोक आजही 'अपशिंगे मिलिटरी' असेच सांगतात.