गावबकरे व वाटे (बारामती–इंदापूर)

गावबकरे : गावाने, वाडीने किंवा भावकीने वर्गणी काढून देवाच्या नावाने कापलेले बकरे आणि त्याच्या मांसाची ठरलेल्या रीतीने होणारी वाटणी. पुणे जिल्ह्याच्या पूर्वेकडील बारामती व इंदापूर तालुक्यांत, नीरा डाव्या कालव्याखालच्या बागायती गावांत तसेच जिरायती पट्ट्यात, ही चाल आढळते. एकाच घराने नवस फेडण्यासाठी बकरे कापून भावकीला व शेजाऱ्यांना जेवू घातले, तर त्याला कंदुरी म्हणतात; पिराच्या आणि देवीच्या अशा दोन्ही नवसांना हाच शब्द चालतो. युरोपातील खेड्यांत हिवाळ्याच्या तोंडावर शेजारीपाजारी मिळून डुक्कर कापत, त्या प्रथेशी गावबकऱ्याचे साम्य आहे. तिथे मात्र मांस खारवून वर्षभर पुरवत. इथे ते त्याच दिवशी संपवतात.

प्रसंग व काळ : चैत्र-वैशाखातील गावजत्रा हा मुख्य प्रसंग. जत्रेचा पहिला दिवस गोडाचा, म्हणजे पुरणपोळीचा. दुसरा खाऱ्या नैवेद्याचा, आणि त्याच दिवशी कुस्त्यांचा आखाडा. त्याखेरीज दसरा, धुळवड आणि मुलाचे जावळ. आषाढातील मरीआई-लक्ष्मीआईच्या जत्रांना ‘आखाड’ म्हणतात. तुकाराम महाराजांची पालखी बारामती, सणसर, निमगाव केतकी, इंदापूर, सराटी या मार्गाने पंढरपूरला जाते. त्यामुळे या गावांत आखाडाचा जोर एकादशी उलटल्यावर चढतो आणि श्रावण लागण्यापूर्वी अमावास्येला थांबतो. माळकरी घरे वर्गणी देतात, पण वाटा घेत नाहीत, असे पुष्कळ ठिकाणी दिसते.

दैवते : मरीआई, लक्ष्मीआई, म्हसोबा, सटवाई; धनगर वस्त्यांवर बिरोबा. नीरा-भीमा संगमावरील नीरा नरसिंहपूरचा नृसिंह किंवा गावोगावचा महादेव यांना मांसाचा नैवेद्य नसतो. खंडोबाला पुरणपोळी आणि भरीत-रोडगा. बकरे कापलेच तर देवळापासून दूर, असा सर्वसाधारण संकेत. देवतेच्या तांदळ्याला (अनघड दगडाला) फासलेला शेंदूर हा रक्ताचा पर्याय होय, असे मत दा. ध. कोसंबी यांनी पुणे परिसरातील ठाणी पाहून ‘मिथ अँड रिॲलिटी’ (१९६२) या ग्रंथात मांडले. ते सर्वमान्य नाही.

मुलाण्याचा हक्क : या प्रथेतील जुनी नोंद असलेली बाब. जेम्स ग्रँट डफने मराठ्यांच्या इतिहासात (१८२६) मुलाण्याला बारा बलुतेदारांत धरले आहे. इतर याद्यांत तो अलुत्यांत येतो किंवा येतच नाही. बलुत्यांची यादी गावोगाव बदलत असे. मशिदीची देखभाल हे त्याचे एक काम, आणि देवळापुढे व शेतात देवांच्या नावाने दिली जाणारी बकरी-मेंढरे कापणे हे दुसरे. मोबदला म्हणून कापलेल्या मेंढरामागे दोन पैसे आणि त्याचे काळीज त्याला मिळे, असे डफ लिहितो. मुसलमानी मंत्र म्हटल्याखेरीज कापलेले मांस मराठे बहुधा खात नाहीत, हेही त्याने नमूद केले आहे. म्हणजे देवी गावाची, बकरे कुणब्याचे आणि सुरी मुलाण्याची. यात कोणालाही विसंगती वाटत नव्हती, कारण हा धर्माचा नव्हे, वतनाचा प्रश्न होता. सुरी फिरवण्याचे काम दुसऱ्याने केले तर तो हक्कभंग ठरे.

त्रिं. ना. आत्रे यांच्या ‘गावगाडा’त (१९१५) बलुतेदारांच्या हक्कांचा तपशील येतो. महसूल खात्यातील नोकरीमुळे आत्र्यांचा रोख, काम न करता हक्क मात्र वसूल करणाऱ्यांवर आहे. कनिष्ठ गाववतने १९५८च्या कायद्याने आणि मुलकी पाटीलकी १९६२च्या कायद्याने संपली. तरीही जत्रेच्या सकाळी मुलाण्याला बोलावणे अनेक गावांत चालू राहिले; काळजाऐवजी रोख रक्कम आली. मार्च २०२५ मध्ये झटका मांसाच्या हिंदू विक्रेत्यांसाठी ‘मल्हार प्रमाणपत्र’ जाहीर झाले, तेव्हा हलाल-झटका वाद राज्यभर गाजला. मल्हार या खंडोबाच्या नावाच्या वापराला जेजुरीतूनही आक्षेप घेतला गेला.

मान : पहिला नैवेद्य कोणाचा, मुंडी कोणाकडे जायची, यावरून पाटील घराण्यांत व त्यांच्या तक्षिमांत तंटे होत. दसऱ्याच्या हल्याचा (रेड्याचा) पहिला घाव पाटलाचा आणि मांस महारांचे, अशी जुनी वाटणी होती. डॉ. आंबेडकरांनी १९२७ मध्ये महाडला मृतमांस सोडण्याचे आवाहन केले. १९५६च्या धर्मांतरानंतर बौद्ध झालेल्या महार कुटुंबांनी मरीआईची कामे आणि त्यांना जोडलेले वाटे दोन्ही नाकारले. गावाच्या लेखी जो हक्क होता, तो त्यांच्या लेखी जातीचा शिक्का होता.

वाटे : बकऱ्याच्या अंगावर पाणी शिंपडतात. त्याने अंग झाडले की देवाने स्वीकारले असे मानतात. झाडले नाही तर पुन्हा शिंपडतात आणि वाट पाहतात. कापून, सोलून धड लिंबाच्या फांदीला उलटे टांगतात. वजडी धुण्याचे किचकट काम वेगळ्या मंडळींकडे असते. मग ओंडक्यावर तुकडे करून पूर्वी पळसाच्या पानांवर, आता प्लॅस्टिकच्या कागदावर, वर्गणीदारांइतके ढीग घालतात. आधी हाडांचे तुकडे, त्यावर मऊ मांस, शेवटी काळीज-गुर्दा-फोफसाचा एकेक लहान तुकडा, म्हणजे काळजाशिवाय कोणाचा वाटा नको. एखादा जाणता माणूस भोवती फिरून जड ढिगातला तुकडा हलक्या ढिगात टाकतो. काही वाड्यांवर एकाला पाठमोरा उभा करतात, दुसरा ढिगावर बोट ठेवून “हा कुणाचा?” विचारतो, पाठमोरा नाव सांगतो. वाटे घालणाऱ्याने स्वतः निवड करायची नसते. तीस किलोच्या बोकडाचे मांस साधारण निम्मे भरते. त्यामुळे दहा-बारा घरांना मिळून एक बकरे पुरते. उस्मानाबादी जातीच्या काळ्या बोकडाला विशेष मागणी असते.

स्वयंपाक : चुलवणावर; अळणी पाणी, सुके, काळ्या मसाल्याचा रस्सा, बाजरीची भाकरी.

डुक्कर : गावाच्या समाईक नैवेद्यात स्थान नाही. कैकाडी, वडार इत्यादी समाजांत पाळणे व खाणे घरगुती पातळीवर. उसातील रानडुकराची शिकार वन्यजीव संरक्षण कायद्याच्या (१९७२) कक्षेत येते. मराठी-कोकणी मुलखात डुक्कर कापून केलेले मोठे जेवण पाहायचे तर गोव्यातील ख्रिस्ती लग्नघरांत आणि फेस्ताला.

विरोध व कायदा : गाडगे महाराजांनी जत्रांतून कीर्तने करून पशुबळीविरुद्ध प्रचार केला, पुढे अंधश्रद्धा निर्मूलन समितीने तो चालवला. २५ जानेवारी २००५ रोजी वाई तालुक्यातील मांढरदेव येथे काळूबाईच्या यात्रेत चेंगराचेंगरीत सुमारे तीनशे भाविक मृत्युमुखी पडले. त्यानंतर तेथे पशुहत्येस बंदी आली आणि पुणे-सातारा भागातील इतर यात्रांवरही देखरेख वाढली. प्राणिक्लेश प्रतिबंधक अधिनियम, १९६० च्या कलम २८ नुसार धर्माच्या रीतीप्रमाणे प्राणी मारणे हा त्या कायद्याखाली गुन्हा ठरत नाही. २०१३च्या जादूटोणाविरोधी कायद्याच्या अनुसूचीत पशुबळीचा समावेश नाही. सार्वजनिक जागी कापण्यावर स्थानिक आदेशांनी निर्बंध येतात.

सद्यस्थिती : वर्गणी जत्रा समिती गोळा करते. बऱ्याच घरांनी समाईक बकऱ्याऐवजी स्वतंत्र बोकड किंवा खाटकाकडील मटण आणण्यास सुरुवात केली असून पुण्या-मुंबईहून येणाऱ्या पाहुण्यांचे जेवण त्यातूनच होते. जिथे वाटे अजून घालतात, तिथे नजरेच्या अंदाजाची जागा तराजूने घेतली आहे. वाटे समान झाले, तरी नैवेद्याचा क्रम बहुतेक गावांत पूर्वीच्याच घरापासून सुरू होतो.